रिकामा डबा

गालिनानं डबा टेबलावर आदळला. झाकण उडालं आणि घरंगळत गॅसपाशी गेलं.

"घे तुझा डबा. रिकामा आहे."

"दिसतंय मला. डोळे आहेत." मी झाकण उचललं. "आणि तुला हजारदा सांगितलंय, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देऊ नये. काहीतरी घालावं त्यात. एक बटाटा घाल, चिमूटभर साखर घाल. तुमच्या देशात बटाट्याचा दुष्काळ पडलाय का?"

"मी भारतीय नाही."

"माणूस तर आहेस ना?"

"रिकामा," ती पुन्हा म्हणाली. बादली उचलून बाहेरच्या खोलीची फरशी पुसायला गेली आणि जाताना दार असं आपटलं की भिंतीवरची अंबाबाईची तसबीर वाकडी झाली.

हात मेली! सकाळी सकाळी माझं डोकं फिरवून गेली.

ही मॉस्कोतली गोष्ट. साल त्र्याऐंशी. आमचे हे भारतीय वकिलातीत व्यापार विभागात होते, म्हणून मी, शशिकला सरनोबत, कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतली, उठून त्या बर्फात जाऊन पडले होते. राहायला फक्त परदेशी लोकांसाठी बांधलेली इमारत. फाटकावर पोलीस. घरकामाला बाई हवी तर ती सरकारी कचेरीतूनच यायची, आणि ती घरातलं काय काय तिकडं सांगते हे शेंबडं पोरसुद्धा जाणून होतं. गालिना आली त्याच दिवशी ह्यांनी मला बजावलं, "हिच्यासमोर भाजीच्या भावापलीकडं काही बोलायचं नाही. भिंतींनाही कान आहेत." आपल्याकडं हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणतात. तिथं ते कान खरोखर बसवलेले होते.

गालिना पन्नाशीची, हाडापेरानं मजबूत, तोंड कायम आंबट. माझ्या फोडणीला ती नाक मुरडायची, माझ्या देवांकडं पाठ करून झाडायची. तरीपण दर शनिवारी मी तिच्याबरोबर डबा द्यायची. घरी तिची म्हातारी आई होती, तोंडात एक दात नाही. तिच्यासाठी गुरगुट्या भात, वर तूप, कधी शिरा. गालिना डबा न्यायची ती उपकार केल्यासारखी, आणि सोमवारी आणून आदळायची. रिकामा.

डबाही साधासुधा नव्हता. कडीचा, स्टीलचा, माझ्या आईनं लग्नात दिलेला. अंगावर 'सौ. शशिकला हिस आईकडून' असं कोरलेलं. मी मॉस्कोत असतानाच आई गेली. तार पोहोचली तेव्हा तिकडं दिवसही होऊन गेले होते. त्यामुळं आईचं म्हणून माझ्याजवळ त्या परक्या मुलखात होतं ते एवढंच.

समोरच्या दारात अमेरिकन जोडपं राहायचं. मार्जरी आणि तिचा नवरा पॉल. पॉल म्हणे त्यांच्या वकिलातीत शेतीचा सल्लागार होता, पण त्याला गहू आणि जोंधळा वेगळा ओळखता आला असता असं मला कधी वाटलं नाही. मार्जरी मात्र लाघवी. मला 'शाशी, शाशी' करायची. पहिल्या संक्रांतीला मी तिला ह्याच डब्यातून तिळगूळ दिला आणि तिनं डबा घासून, चकचकीत करून रिकामा परत आणला. मी कसली गप्प बसते! तिला तिथंच रीत सांगितली. ती इतकी खूश झाली की टाळ्याच पिटल्या. "किती सुंदर पद्धत आहे! म्हणजे हा डबा कधीच रिकामा फिरत नाही?" तेव्हापासून तिच्याकडून डबा आला की आत बिस्किटं, केक, काहीतरी असायचंच.

असं ते चक्र चालायचं. मार्जरीकडून डबा माझ्याकडं, माझ्याकडून शनिवारी गालिनाकडं, सोमवारी परत माझ्याकडं, मग चकल्या किंवा वड्या भरून पुन्हा मार्जरीकडं. उन्हाळ्यात एकदा मार्जरी तो सहलीला घेऊन गेली आणि विसरून आली. मी घर डोक्यावर घेतलं. मग पंधरवड्यानं चेरी भरून परत आणून दिला, गळ्यात पडली, दहा वेळा माफी मागितली.

आता ह्या दोघी एकमेकींना पाण्यात बघायच्या. गालिना मार्जरीच्या दारावरून जाताना उंबऱ्यावर थुंकायची. मार्जरी तिला माझ्या तोंडावर 'तुझी ती हेर' म्हणायची. आणि दिवसही तसलेच होते. रशियानं कोरियाचं प्रवासी विमान पाडलं, माणसांनी भरलेलं. मग अमेरिकेनं युरोपात अणुबॉम्बवाली नवी क्षेपणास्त्रं आणून उभी केली. रेडिओवर रोज एकमेकांना शिव्या. इमारतीत अमेरिकन लिफ्टमध्ये शिरला की पोलंडचा माणूस बाहेर पडायचा.

आम्ही तेवढे दोघांचे दोस्त. फाटकावरचा पोलीस अमेरिकनांकडं जाणाऱ्याची पिशवी उलटी करून बघायचा. त्यांच्याकडं काम करणाऱ्या बायकांची तर येता-जाता झडती. आणि आमच्या गालिनाला कोण विचारतो? 'इंदिया, इंदिया' म्हणत तो तिच्या पिशवीतल्या डब्याकडं बघून हसायचा. दोघांच्या भांडणात तिसऱ्याचा लाभ म्हणतात. मला वाटायचं, आमचा लाभ तो एवढाच.

मी गालिनाच्या तक्रारी मार्जरीकडं करायची. आणखी कुणाकडं करणार? ती मन लावून ऐकायची.

"आजही रिकामा?" ती विचारायची.

"आजही."

"तू सोडू नकोस तिला, शाशी. हा अपमान आहे तुझा. तिला सांग, पुढच्या वेळी भरूनच आण. तुमची रीत आहे ना? मग रीत म्हणजे रीत."

मला बरं वाटायचं. म्हटलं, बघा, एवढ्या लांबची बाई, पण हिला कळतं.

थंडी कडाक्याची पडली आणि एका गुरुवारी मी मार्जरीला द्यायला साजूक तूप काढलं. डब्यात भरून ते खिडकीच्या दोन काचांमध्ये ठेवलेलं होतं. तिथं हिवाळ्यात फ्रीज लागतच नाही. तुपाचा दगड झालेला. पातळ करावं म्हणून डबा तसाच मंद गॅसवर ठेवला, वर्षानुवर्षं ठेवत आले तसा. एक चपाती लाटून होईपर्यंत आईच्या डब्यात तूप वितळायचं.

दोन चपात्या झाल्या. तीन झाल्या. तूप ढिम्म हलेना. आणि मग वास आला, रबर जळल्याचा.

मी डबा उतरवला. तूप खरवडून काढलं, आत हात घातला, बाहेरून हात लावला. बाहेरचं तळ चटका देत होतं, आतलं थंडगार. मधे बोटाच्या पेराएवढी जागा होती. मग मी अंगावरचं नाव बघितलं. आपल्या भांड्यावरचं नाव कोण कशाला वाचतं? त्यातून भांडी घासायची गालिना. पण आता त्यावरून अंगठा फिरवला. आईच्या डब्यावरचं नाव कोल्हापुरात पापाच्या तिकटीवरच्या भांडीवाल्यानं खिळा-हातोडीनं ठिपके ठोकून घातलं होतं. ते बोटाला टोचायचं. हे नाव गुळगुळीत होतं. अक्षरं हुबेहूब तीच, पण रेघा ओढलेल्या.

हा माझा डबाच नव्हता.

मला हेरगिरी सुचली नाही की अणुबॉम्ब सुचला नाही. खोटं कशाला सांगू? मला एवढंच सुचलं की ह्या बयेनं माझ्या आईचा डबा चोरला. तशीच पिठाच्या हातानं डबा उचलला आणि समोरचं दार बडवलं.

"माझा डबा कुठाय?" मी ओरडले. "हा दोन तळांचा काय दिलास मला? माझ्या आईचा डबा काढ आधी!"

मार्जरीनं माझ्या तोंडावर हात दाबला. गोरी होती, ती आणखी पांढरी झाली. बघता बघता माझ्या खांद्यावर स्वतःचा कोट टाकला आणि मला जिना उतरवून मागच्या अंगणात नेलं. घोट्याएवढा बर्फ, पायात माझ्या नुसत्या सपाता.

"तुला वेड लागलंय?" ती दातांतून बोलली. लाडिक आवाज कुठल्या कुठं गेला होता. "तिथं भिंती ऐकतात."

"ऐकू देत! चोर तू आहेस."

"तुझा डबा सुरक्षित आहे."

"मग आण."

"आणीन. गालिनानं एकदा भरून दिला की आणीन." तिनं माझा दंड धरला. "तिचा भाऊ क्षेपणास्त्राच्या कारखान्यात नकाशे काढतो. ती आमची आहे, शाशी. सहा महिने आम्ही त्या तळातून तिला सगळं पाठवतोय. ती घेते. पण डबा परत येतो तो रिकामा. एकदा, फक्त एकदा तिनं त्यात फिल्म घातली पाहिजे. तूच तर तिला सांगत होतीस."

तूच तर सांगत होतीस! म्हणजे दर सोमवारी मी कंबर कसून गालिनाशी भांडत होते ते अमेरिकेचं काम करत होते. मला रीत पाळल्याचं समाधान, आणि ही बया आतून हसत होती.

"मी आत्ता जाऊन ह्यांना सांगते."

"सांग ना. आणि तो वकिलातीत काय सांगेल? डबा नेतेस तू, आणतेस तू, नाव कोरलंय तुझं. कोण म्हणेल तुला ठाऊक नव्हतं? तुझ्या नवऱ्याची नोकरी जाईल. त्या बाईला तर हे लोक गोळीच घालतील." तिनं माझ्या हातातला डबा काढून घेतला. "गप्प राहा. तेवढंच कर."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्या. मी तिचा कोट बर्फात फेकला आणि तशीच कुडकुडत वर आले.

ठरवलं, डबा आता घ्यायचाच नाही. संपलं. पण शनिवारी दुपारी मी न्हाणीघरात असताना बेल वाजली. ओले केस पुसत बाहेर येते तो आमचे हे हसत दार लावतायत.

"मार्जरी येऊन गेली. डबा भरून केक दिलाय गं. निम्मा मी काढून घेतला, निम्मा गालिनाला देऊन टाकला, तिच्या आईला. आत्ताच गेली ती."

"डबा दिलात?"

"मग केक काय पदरात बांधून देऊ? नेहमी तूच देतेस ना?"

मी खिडकीशी धावले. गालिना फाटकातून बाहेर पडत होती, पिशवी हातात. पोलीस तिच्याशी काहीतरी बोलून हसला. जळका डबा मार्जरीनं ठेवून घेतला असणार आणि हा नवा दिला असणार. अमेरिकेला डब्यांचा काय तोटा!

ह्यांना काही सांगावं तर भिंती. बाहेर न्यावं तर हे रविवारभर ताप अंगावर घेऊन पडून. गालिना कुठं राहते ठाऊक नाही, फोन नाही. आणि माझ्या कानात माझाच आवाज: भरून आण, भरून आण. समजा, ह्याच वेळी तिनं ऐकलं तर? समजा, सोमवारी त्या तळात काही घेऊन ती माझ्या स्वयंपाकघरात आली तर? मार्जरीच्या दाराशी मी जी बोंब ठोकली होती ती भिंतींनी ऐकलीच असणार. अंबाबाईला म्हटलं, बाई, आयुष्यभर मी ज्या रीतीचा हट्ट धरला ती त्या बाईनं एवढ्या सोमवारी पाळू नये. दुसरं काही मागत नाही.

सोमवारी तिला फाटकातच गाठायचं म्हणून मी लवकर आवरलं. शाल गुंडाळून दार उघडते तर दारात एक माणूस उभा. राखाडी कोट, बुटांना बर्फ. मागं आणखी एक दांडगा.

"नमस्ते, श्रीमतीजी," तो शुद्ध हिंदीत म्हणाला. आपल्याकडचे पुढारीही बोलणार नाहीत असली हिंदी. "माझं नाव इगोर सर्गेयेविच. इमारतीची व्यवस्था बघतो. आत येऊ ना?"

विचारेपर्यंत तो आत आलेलाही होता. स्वयंपाकघरात जाऊन खुर्चीत बसला. हे तापातून उठून, गळ्याला मफलर गुंडाळून आले. मी चहा टाकला. तोंड दिसू नये म्हणून पाठ फिरवून उभी राहिले.

"तुमचा एक डबा आहे म्हणतात," तो म्हणाला. "फार प्रवास करतो."

"भांडी फिरतातच शेजारात."

"अमेरिकन शेजारात?"

"शेजार आम्ही निवडला नाही. तुम्हीच दिलाय."

हे मफलरमधून खोकले. खोकला कसला, मला गप्प राहा म्हणत होते. तेवढ्यात बाहेरचं दार वाजलं आणि गालिना आत आली. हातात पिशवी.

तिनं त्या माणसाला पाहिलं. तिचा चेहरा हलला नाही. कोट काढून खुंटीला लावला, पिशवीतून डबा काढला आणि टेबलावर, त्याच्या पुढ्यात, नेहमीसारखा आदळला.

"रिकामा," ती मला म्हणाली.

इगोरनं झाकण काढलं. रिकामा. उलटा केला, टिचकी मारली, आवाज ऐकला. मग खिशातून चिमुकली सुरी काढून तळाच्या कडेनं फिरवली. कुठंतरी कट् झालं आणि आतलं तळ झाकणासारखं उचललं गेलं.

मी गॅसचा ओटा धरला. ह्यांनी त्या तळाकडं बघितलं, मग माझ्याकडं. बिचाऱ्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचं ते बघणं मी अजून विसरले नाही.

इगोरनं दोन बोटं आत घातली, सगळीकडं फिरवली आणि बाहेर काढून पाहिली.

आत काही नव्हतं. धुळीचा कणसुद्धा नाही.

"हे काय आहे, श्रीमतीजी?"

गालिना बादलीत पाणी सोडत होती. तिची पाठ आमच्याकडं. एक शब्द मी बोलले असते, मार्जरीचा डबा आहे म्हटलं असतं, तर माझी आणि ह्यांची मान सुटली असती. आणि मग तिथून त्यांनी धागा कुठवर ओढला असता हे कळायला मला काही शाळेत जायची गरज नव्हती.

"डबा आहे," मी म्हटलं. "माझ्या आईनं दिलेला. नाव वाचा. हिंदी येते तर हेही वाचता येईल."

"दोन तळांचा?"

"मग? आमच्याकडं बायका माहेरी जातात त्या काय मोटारीनं नाही जात. एस.टी.नं जातात. दागिने तळात, वर लाडू. चोरानं उघडला तर त्याला लाडू दिसतात."

तो हसला नाही. "आणि दागिने कुठं आहेत?"

"ते ह्यांना विचारा!" मी उसळले, आणि त्यातलं उसळणं खोटं नव्हतं. "धाकट्या नणंदेच्या लग्नात मोडले. पाटल्या, तोडे, आईची बोरमाळ. चार महिन्यांत करून देतो म्हणाले होते. बारा वर्षं झाली. तेव्हापासून तळ रिकामाच आहे. ह्यांना विचारा की!"

इगोरनं मान वळवली. हे खाली बघत होते. कान लाल झालेले.

"मोडले," हे पुटपुटले. "करून द्यायचे होते. राहूनच गेलं."

ते खरंच मोडलेले होते हो. म्हणून तर त्यांचा चेहरा तसा पडला. खोट्याला एवढं खरं कधी मिळालं नसेल.

इगोरनं सुरी खिशात टाकली. मग उठला, डबा त्या दांडग्याच्या हातात दिला. "हा आम्ही नीट बघून परत पाठवू. भारतीय लोक आमचे मित्र आहेत."

"मित्राच्या घरी कुणी बुटांसकट स्वयंपाकघरात येत नाही," मी म्हटलं.

दोघं गेले. हे तिथंच खुर्चीत बसले, मफलरमध्ये तोंड खुपसून. मला म्हणाले, "शशी, हे काय होतं?" मी तोंडावर बोट ठेवून भिंतीकडं दाखवलं आणि त्यांना आत नेऊन निजवलं.

परत आले तेव्हा गालिना गुडघ्यांवर बसून त्या बुटांचे डाग पुसत होती. मी नळ पूर्ण सोडला. पाण्याचा धबधबा सुरू झाला, तशी तिच्याजवळ उकिडवी बसले.

"तू मुद्दाम?" मी विचारलं. माझी रशियन मोडकीतोडकी, पण एवढं आलं.

"वर्षभर ओरडतेस माझ्यावर," ती फडकं पिळत म्हणाली. "भरून आण, भरून आण. ती अमेरिकनही तेच सांगते. साशाला कुणी तपासत नाही, साशाच्या डब्यात घाल. साशा म्हणजे तू. गाढवासारखी ओझं वाहणारी."

"गाढव म्हण. आज चालेल."

"मी त्या अमेरिकनांना सांगितलं, जे द्यायचं ते मी दुसऱ्या वाटेनं देईन. ह्या घरातून नाही. बाई मूर्ख आहे, तोंडाळ आहे, पण माझ्या आईला भात देते." तिनं फडकं बादलीत आपटलं. "तू मला भरून दिलास, म्हणून मी तुला रिकामा दिला. कळलं आता?"

मला रडू फुटलं. तिला ते आवडलं नाही. "गप. डोळे पूस."

"पण तू कशासाठी करतेस हे? तुझाच देश ना?"

ती थोडा वेळ फरशी पुसत राहिली. डाग गेला होता तरी त्याच जागी पुसत होती.

"माझा मुलगा अफगाणिस्तानातून परत आला," ती म्हणाली. "जस्ताच्या पेटीत. पेटी झाळून बंद केलेली. उघडायची नाही असा हुकूम. शिपाई उभा होता बाजूला. आत तो होता की दगड भरले होते, मी आजपर्यंत पाहिलेलं नाही. भरलेले डबे मला नको वाटतात, साशा." मग उठली, नळ बंद केला आणि मोठ्यानं, भिंतीला ऐकू जाईल असं म्हणाली, "तुझ्या फोडणीचा वास माझ्या केसांतून जात नाही."

"नको येऊ मग!" मीही तेवढ्याच मोठ्यानं ओरडले.

त्या आठवड्यात मार्जरी आणि पॉल निघून गेले. पॉलची घरी गरज होती म्हणे. निरोप नाही, काही नाही, दाराला टाळं. माझ्या आईचा डबा गेला तो गेलाच. आता सत्तरी कधीच उलटली माझी, अजून तिळगूळ करायला बसले की तो आठवतो. अमेरिकेत कुठल्या कपाटात असेल कुणास ठाऊक. त्यात ती बिस्किटं ठेवत असेल तर त्यांना मुंग्या लागोत.

शनिवारी गालिना आली नाही. मी भात करून ठेवला होता, दुसऱ्या डब्यात भरून. तो संध्याकाळी मीच पाखरांना टाकला.

सोमवारी बेल वाजली. दारात एक तरणी बाई, गोबरे गाल, नवा स्कार्फ, हसू तर तोंडावर मावेना. आता मीच तुमच्याकडं कामाला, म्हणाली. नाव ल्युद्मिला.

"आणि गालिना?"

"कोण गालिना?"

"इथं कामाला होती ती. वर्षभर."

"नाही हो. ह्या घराला आधी कुणी बाई नव्हती. कचेरीत तसंच सांगितलंय मला." हसू तसंच.

ती आत आली, पिशवीत हात घातला आणि अगदी अलगद, दोन्ही हातांनी, टेबलावर डबा ठेवला. तोच, माझं नाव कोरलेला. झाकण उघडून दाखवलं. आत मधाची बिस्किटं, काठोकाठ, ओळीनं लावलेली.

"इगोर सर्गेयेविचनी पाठवलाय," ती गोड आवाजात म्हणाली. "भांडं रिकामं परत देऊ नये ना? तुमच्याकडं तशी रीत आहे."

ही रीत मी फक्त मार्जरीला सांगितली होती, आणि गालिनाला, ह्याच स्वयंपाकघरात, ओरडून ओरडून.

मी डबा उचलला. बिस्किटं कचऱ्याच्या बादलीत उपडी केली. डबा घासला, विसळला, पदरानं कोरडा पुसला. ल्युद्मिलाचं हसू एव्हाना थोडं उतरलं होतं.

"हे काय करताय? तुमचंच नाव आहे ना त्यावर?"

"नाव माझं आहे. डबा आता तुमचा झालाय," मी म्हटलं. "परत ने. आणि त्यांना सांग, रिकामा आहे."

आणि तिच्यापुढं टेबलावर आदळला.